दारापासून दारापर्यंत: पॅरिस ते रोमच्या प्रवासात कार, रेल्वे की विमान?

आमच्या घरात युरोपच्या सहलीचा विषय तीन वर्षं नुसता चर्चेत होता. यंदा रजा, मुलांच्या परीक्षा आणि साठवलेले पैसे असं सगळं एकदाचं जुळून आलं. मुंबई ते पॅरिस जायचं आणि रोमहून मुंबईला परतायचं, इथपर्यंत आठवडाभरात ठरलं. पण पॅरिस ते रोम या मधल्या पट्ट्यात एका देशातून दुसऱ्या देशात कशाने जायचं, हा प्रश्न महिनाभर सुटला नाही. आम्ही तो कसा सोडवला, कुठे बरोबर ठरलो आणि कुठे चुकलो, ते सगळं इथे मांडतो आहे. घरात वडीलधारं माणूस आणि लहान मूल असलेल्यांना हा हिशेब कामी येईल, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही पाच जण. मी आणि बायको चाळिशीतले. थोरली तेरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा. आणि आई, वय ६९, दोन्ही गुडघे दुखरे. ती रोज सकाळी अर्धा तास चालते, पण जिने चढताना कठडा धरावाच लागतो आणि उतरताना त्याहून जास्त त्रास होतो. मुक्काम चौदा रात्रींचे: पॅरिस तीन, स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला चार, मग व्हेनिस दोन, फ्लॉरेन्स आणि टस्कनी मिळून तीन, शेवटी रोम दोन.

व्हिसाचं आधी सांगून टाकतो, कारण मुक्कामांचे आकडे तिथेच पक्के करावे लागतात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा. उतरणार फ्रान्समध्ये असलो तरी आमच्या सात रात्री इटलीत होत्या, म्हणून अर्ज इटलीकडे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५. म्हणजे तेरा वर्षांची थोरली इथे मोठ्यांत धरली जाते.

तीन सल्ले

पहिला सल्ला मावसभावाचा. दादा स्टुटगार्टला राहतो, सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन सहज शेजारच्या देशात जेवून येतो. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: "अरे, पाच जण आहात. रेल्वेची पाच तिकिटं काढण्यापेक्षा एक कार घे. मावशीला चालायला नको, बॅगा उचलायला नकोत, वाटेत हवं तिथे थांबा." यात चुकीचं काहीच नव्हतं. माणसं वाढली की कारचा माणशी खर्च उतरतो आणि रेल्वेचा तेवढाच राहतो, हे गणित खरंच आहे.

दुसरा सल्ला सासऱ्यांचा. त्यांनी मोबाइलवर पॅरिसहून इटलीची स्वस्त विमानांची भाडी शोधून ठेवली होती. दीड-दोन तासांचं उड्डाण, तिकीट नाशिक-मुंबई टॅक्सीपेक्षा स्वस्त. "रेल्वेत दिवस कशाला घालवायचा?" हा त्यांचा प्रश्न.

तिसरा सल्ला एका ट्रॅव्हल एजंटचा: सगळ्या युरोपचा रेल्वे पास काढा आणि निश्चिंत व्हा.

मी तिघांचे आकडे एका वहीत लिहून घेतले आणि रात्री जेवताना आईला दाखवले. कारला इतके तास, रेल्वेला इतके, विमानाला इतके. तिने ते वाचलेसुद्धा नाहीत. म्हणाली, "तास नको सांगूस मला. चढउतार किती आहे, ते सांग. आणि मध्ये बाथरूमला जाता येईल का, ते सांग."

या एका प्रश्नाने माझी सगळी वही बदलली. तोवर मी ट्रेन सुटल्यापासून पोचेपर्यंतचे तास मोजत होतो. खरा प्रवास हॉटेलच्या खोलीला कुलूप लावल्यापासून पुढच्या खोलीचं कुलूप उघडेपर्यंतचा असतो, आणि त्यात जो सर्वांत हळू चालतो त्याच्या वेगाने सगळे चालतात. मग मी प्रत्येक टप्पा नव्याने मोजायला बसलो.

पॅरिस ते इंटरलाकेन: एक टप्पा जवळून

विमान आधी घेऊ. पॅरिसहून झुरिकचं उड्डाण सव्वा तासाचं. पण शहरातून शार्ल द गोल विमानतळावर बॅगांसह पोचायला सव्वा तास धरावा लागतो. दोन तास आधी पोचायचं. झुरिकला बॅगा मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास. इंटरलाकेनला प्रवासी विमानतळ नाही, त्यामुळे झुरिकहून पुन्हा रेल्वेच, ती सव्वादोन तासांच्या पुढे, शिवाय तिची वाट पाहण्याचा वेळ. बेरीज आठ तासांवर गेली. म्हणजे सव्वा तासाच्या विमानात बसायला आठ तास, आणि त्यातले दोन तास रेल्वेचेच.

यात विमानाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. विमानतळावर आईला व्हीलचेअर मिळते, अगदी काउंटरपासून विमानाच्या दारापर्यंत. आपल्याकडच्या ज्येष्ठांना याची सवय झाली आहे. रेल्वेतही अशी मदत मोफत मिळते, पण युरोपीय संघाच्या नियमानुसार ती किमान २४ तास आधी मागून ठेवावी लागते. नुसतं स्टेशनवर जाऊन उभं राहिलं तर कोणी खुर्ची घेऊन येईलच असं नाही.

स्वस्त विमानाचं भाडं हा दुसरा धडा. त्या भाड्यात आसनाखाली मावेल एवढीच पिशवी येते. पाच जणांच्या मोठ्या बॅगांचे पैसे मिळवले की भाडं दुप्पट-अडीचपट होतं. आणि बऱ्याचदा ते विमान शहराच्या विमानतळावरून सुटतच नाही. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून ८० किलोमीटरच्या पुढे आहे, मिलानच्या नावाचा बेर्गामो ४५ किलोमीटरच्या पुढे. नाशिकला उतरवून "मुंबईत पोचलात" म्हणण्याइतकं हे टोकाचं नाही, पण पहाटेच्या विमानासाठी आठ वर्षांच्या मुलाला तीन वाजता उठवायचं झालं की ते अंतर जाणवतं.

आता कार. रस्त्याने हे अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. नुसतं चालवायचे सात तास. दर दोन तासांनी आईला पाय मोकळे करायला थांबायचं, एकदा जेवायचं, सकाळी भाड्याची कार ताब्यात घेण्याची कागदपत्रं, आणि पॅरिसमधून बाहेर पडणं. उजव्या बाजूने चालवण्याची सवय नसलेल्या माणसाने पहिलाच दिवस पॅरिसच्या रस्त्यांवर काढायचा, हे मला पटेना. बेरीज नऊ तासांच्या वर.

रेल्वे: पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनहून टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान ट्रेनने, स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बाझेल सुमारे तीन तास. तिथे ट्रेन बदलायची. बाझेल ते इंटरलाकेन दोन तास. हॉटेल ते स्टेशन अर्धा तास, स्टेशनवर पाऊण तास आधी, बाझेलला पंचवीस-तीस मिनिटांचा अवकाश. पावणेसात-सात तास. त्यातल्या पाच तासांत आई हवं तेव्हा उठून डब्यात चार पावलं टाकू शकते आणि बाथरूम दहा पावलांवर. तिच्या दोन्ही प्रश्नांना इथेच उत्तर मिळालं.

कारचा हिशेब का फसला

दादाचं गणित मी सोडून दिलं नव्हतं. उलट त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण कागदावर कारचं भाडं पाच तिकिटांपेक्षा कमी दिसत होतं. मग एकेक गोष्ट जोडत गेलो.

पाच माणसं आणि पाच बॅगा साध्या कारमध्ये मावत नाहीत, सात-नऊ आसनी गाडी लागते. तिकडे भाड्याच्या गाड्या बहुतेक गिअरच्या असतात; ऑटोमॅटिक हवी तर जास्त पैसे. मला डाव्या हाताने गिअर टाकायची सवय, तिथे तो उजव्या हाताला, म्हणून ऑटोमॅटिक हवीच होती. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची तर परतीचं वेगळं शुल्क, आणि ते काही ठिकाणी भाड्याच्या बरोबरीने निघालं. फ्रान्स आणि इटलीच्या महामार्गांवर टोल. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर, एक दिवस जायचं असलं तरी पूर्ण वर्षाचं. धाकट्यासाठी उंच करणारी बैठक. इटलीत दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ती सक्तीची आहे.

हेही सगळं एक वेळ सोसलं असतं. खरी अडचण वेगळीच निघाली. मुक्कामांची यादी समोर ठेवली आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, की इथे कार काय करणार? इंटरलाकेनला चार दिवस ती पैसे भरून उभी राहणार, कारण वेंगेन आणि म्युरेन या जवळच्या डोंगरावरच्या गावांत कार जातच नाही. ती खाली दरीतल्या लाउटरब्रुनेनला सोडून वर रेल्वेने किंवा केबलकारने जायचं. व्हेनिसला ती पियाझाले रोमाच्या वाहनतळात उभी राहणार, कारण त्यापुढे रस्ताच संपतो. फ्लॉरेन्स आणि रोमच्या मध्यभागात बाहेरच्या वाहनांना बंदी. चौदा दिवसांपैकी तिचा खरा उपयोग होता फक्त टस्कनीच्या खेड्यांत, दोन दिवस. बाकी बारा दिवस आम्ही तिला सांभाळत बसणार होतो.

दादाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरोबर आहे. मी सकाळी निघून रात्री घरी येतो, माझी कार घराच्या गॅरेजमध्ये असते." त्याचा अनुभव खरा होता, फक्त तो तिथे राहणाऱ्या माणसाचा होता.

पास घ्यायचा का?

एजंटने सुचवलेला सगळ्या युरोपचा पास म्हणजे युरेल पास. तो भारतीयांना मिळतो, आणि त्यात मोठ्या माणसाबरोबर चार ते अकरा वर्षांची मुलं मोफत असतात. रोज वेगळ्या गावी जाणाऱ्या तरुण पोरांसाठी तो छान आहे. आमच्या वाट्याला मात्र चौदा दिवसांत मोठे टप्पे फक्त चार होते. शिवाय फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या टीजीव्हीत आणि इटलीच्या वेगवान ट्रेनमध्ये पास असूनही जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावं लागतं. दोन-तीन महिने आधी काढलेली साधी तिकिटं आम्हाला स्वस्त पडली.

स्वित्झर्लंडसाठी मात्र चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला, आणि तो घेतल्याचं एकदाही वाईट वाटलं नाही. त्यात ट्रेन, बस, तलावातल्या बोटी सगळं येतं, आणि फॅमिली कार्ड मोफत मिळतं, ज्यावर सहा ते पंधरा वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर फुकट. चार रात्रींचे दिवस पाच होतात. पहिला दिवस बाझेलपासून पासवर धरला, शेवटच्या दिवसाचं मिलानचं तिकीट वेगळं. आम्ही तिघं युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटर उंचीवरच्या स्टेशनला गेलो, त्या दिवशी आई आणि बायको ब्रिएन्झच्या तलावात बोटीने हिंडल्या. आईला रक्तदाब आहे, त्या उंचीवर न्यायचं नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बोट पासवरच होती. आई अजून त्या पाण्याच्या रंगाबद्दल बोलते.

शेवटी काय ठरलं

कणा रेल्वेचा. टस्कनीत दोन दिवस कार. युरोपच्या आत विमान कुठेच नाही. पण येणं पॅरिसला आणि परतणं रोमहून, म्हणजे विमानाचा मोठा फायदा आम्ही मुंबईच्या तिकिटातच घेतला. पॅरिसचंच येणं-जाणं काढलं असतं तर रोमहून पुन्हा पॅरिसला यावं लागलं असतं, आणि तिथे विमानाशिवाय पर्याय नव्हता. रेल्वेने तो अख्खा दिवस जातो.

बायकोला ग्रीस पाहायचं होतं. ते यादीतून काढताना तिला वाईट वाटलं, मलाही. रोमहून अथेन्सला जमिनीवरून जायचं तर बारी किंवा अँकोनाला जाऊन रात्रभराच्या जहाजाने समुद्र ओलांडायचा. तिथे विमानच योग्य आहे. पण चौदा रात्रींत आणखी एक विमानतळ आम्हाला नको होता.

बॅगांचा नियम घरातच ठरला: दोन मोठ्या, तीन लहान, आणि आईच्या हातात फक्त पर्स. निघण्याआधी मी आणि थोरलीने भरलेल्या बॅगा तीन मजले चढवून-उतरवून पाहिल्या. ज्या जड वाटल्या त्यातून कपडे काढले. रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी करावी, कारण तिथे हमाल शोधून सापडत नाही.

प्रत्यक्षात

गार द ल्यों स्टेशनवर दोन मोठी दालनं आहेत. एकात फलाटांना अक्षरं, दुसऱ्यात आकडे. फलाट ट्रेन सुटायच्या सुमारे वीस मिनिटं आधी फळ्यावर लागतो आणि मग सगळी गर्दी एकदम हलते. आपल्या दादरला इंडिकेटर लागल्यावर होतं तसंच. ट्रेन दुमजली होती. आरक्षण करतानाच आईसाठी खालचा मजला मागून घेतला होता, हे फार बरं झालं. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आहे. बॅगा डब्याच्या टोकाच्या रॅकवर ठेवायच्या असतात, म्हणून धाकट्याला तिथून दिसेल अशा जागी बसवलं. बाझेलला लिफ्टने फलाट बदलला. पंचवीस मिनिटं पुरली, पण उरली नाहीत.

इंटरलाकेन ते व्हेनिस या टप्प्यात मात्र मी चूक केली. इंटरलाकेनहून श्पिएत्स वीस मिनिटं, तिथून मिलानची ट्रेन, आणि मिलानहून व्हेनिसची वेगवान ट्रेन अडीच तासांच्या आत. श्पिएत्सच्या पुढे २००७ मध्ये सुरू झालेला जवळजवळ ३५ किलोमीटरचा ल्योत्शबर्गचा बोगदा, मग १९०६ चा जुना सिंप्लॉनचा बोगदा, आणि तो संपला की इटली. नकाशावर हा टप्पा इतका सुंदर दिसत होता की मी घड्याळाकडे नीट पाहिलं नाही. मिलानपर्यंतचं तिकीट एका ठिकाणी काढलं, पुढचं दुसऱ्या ठिकाणी, सर्वांत स्वस्त भाड्याचं, त्याच ट्रेनला बांधलेलं. मध्ये पस्तीस मिनिटं.

दोमोदोसोलाला, सीमेवरच्या स्टेशनात, ट्रेन उभी राहिली ती राहिलीच. मिलानला आम्ही पन्नास मिनिटं उशिरा पोचलो. व्हेनिसची ट्रेन गेली होती. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असते तर पुढच्या ट्रेनने नेण्याची जबाबदारी रेल्वेची झाली असती. वेगळी तिकिटं, म्हणून ती जबाबदारी कोणाचीच नाही. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे तेच सांगितलं. ऐन वेळच्या भाड्याने पाचही जणांची नवी तिकिटं घेतली. आधी काढलेल्या तिकिटांच्या दुपटीहून जास्त पैसे गेले.

मिलान चेंत्राल स्टेशनच्या त्या प्रचंड कमानीखाली आई मोठ्या बॅगेवर बसली होती. बायकोने शेंगदाण्याचे लाडू आणि चिवडा काढला. मला फार अपराधी वाटत होतं, कारण ही आपत्ती नव्हती, माझ्या नियोजनातली चूक होती. आई म्हणाली, "बस जरा. तू सकाळपासून उभा आहेस." पैशांपेक्षा मला तिचे ते दोन तास लागून राहिले. एक तास जास्तीचा ठेवला असता, किंवा एकच तिकीट काढलं असतं, तर हे झालं नसतं.

व्हेनिसला आम्ही बेटावर न राहता अलीकडच्या मेस्त्रेला, स्टेशनसमोर राहिलो. बरेच जण याला नाक मुरडतात. पण बेटावर जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, आणि बॅगा घेऊन त्या चढण्याची कल्पनाच आईच्या गुडघ्यांना मानवणारी नव्हती. मेस्त्रेहून ट्रेन दहा मिनिटांत पूल ओलांडून सांता लुचिया स्टेशनवर आणते. बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनाल आणि पाण्यातली बस. आई बहुतेक वेळ त्या बसनेच हिंडली, पुढच्या मोकळ्या जागेवर बसून.

फ्लॉरेन्सला एक रात्र काढली, आणि दुसऱ्या सकाळी या सगळ्या नियोजनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट केली: दोन्ही मोठ्या बॅगा हॉटेलच्या सामानघरात ठेवल्या, पाठीवरच्या पिशव्यांत दोन दिवसांचे कपडे घेतले, आणि ट्रामने विमानतळावर जाऊन कार घेतली. शहरातल्या दुकानातून घेतली असती तर पहिल्याच वळणावर बंदीच्या भागात सापडलो असतो. बॅगा नसल्यामुळे पाच जणांना साधी कार पुरली.

कागदांत आपलं लायसन्स आणि आरटीओने दिलेलं आंतरराष्ट्रीय परमिट दोन्ही लागतात. परमिटची फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. कार्ड क्रेडिटच हवं आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं, कारण ते अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. विमानतळाच्या वाहनतळातच मी पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे अंगात मुरायला तेवढा वेळ हवाच. पहिला तासभर बायको शेजारी बसून दर वळणाला "उजवीकडे राहा" म्हणत होती.

सिएनाजवळ एक प्रसंग झाला. मोबाइलवरचा नकाशा आम्हाला सरळ जुन्या गावात घेऊन चालला होता. समोर लाल कड्याचा पांढरा गोल फलक, त्याखाली झोना त्राफिको लिमितातो (मर्यादित वाहतुकीचा भाग) असं लिहिलेलं, आणि वर दिव्यांच्या पाटीवर वार्को अत्तीव्हो. मला वाटलं, अत्तीव्हो म्हणजे चालू, म्हणजे रस्ता चालू आहे. थोरली मागून ओरडली, "बाबा, नको! चालू म्हणजे कॅमेरा चालू!" तिने आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. त्या पाटीचा अर्थ बंदी लागू आहे असा होतो. आत गेलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर टिपला जातो, आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येते. भाड्याची कंपनी आपला पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापते ते निराळेच. मी कडेला थांबलो, मागे वळलो आणि गावाबाहेरच्या सांता कातेरिना वाहनतळावर गेलो. तिथून सरकते जिने थेट वरच्या गावापर्यंत नेतात. आई त्या जिन्यांवर उभ्या उभ्या सिएनात पोचली. निळ्या रेषांत पैसे भरून, पांढऱ्यांत फुकट, पिवळ्यांत फक्त स्थानिकांनी गाडी लावायची, हेही थोरलीनेच समजावलं.

पुढचे दोन दिवस कारने आपली किंमत पुरेपूर वसूल करून दिली. व्हाल दोर्चाच्या टेकड्या, कडेला सुरूच्या झाडांच्या रांगा, पिएंझासारखं दगडी गाव. शेतातल्या घरात मुक्काम. तिथे बसगाड्या मोजक्या, रविवारी तर नसल्यातच जमा. सॅन क्विरिकोच्या बाहेर एका वळणावर आई म्हणाली, "थांब इथे." कार थांबवली. तिने काच खाली केली आणि कापलेल्या गवताचा वास घेत दहा मिनिटं बसून राहिली. रेल्वेत हे शक्य नव्हतं, विमानात तर नाहीच. दादाचं म्हणणं मला तिथे पूर्ण पटलं, आणि रात्री त्याला फोन करून मी ते सांगितलं.

फ्लॉरेन्सला कार परत केली, बॅगा घेतल्या, आणि दीड-पावणेदोन तासांत ट्रेनने रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर. या वेळी सुटण्याआधी पाऊण तास फलाटाजवळ होतो.

घरी आल्यावर सगळ्या पावत्या जोडल्या. मिलानचा फटका धरूनही, पूर्ण प्रवास कारने केला असता तर जेवढा खर्च मी वहीत काढला होता, त्याच्या दोन-तृतीयांशात आमचं भागलं. सासऱ्यांनी ती वही मागून नेली आहे. त्यांना आणि सासूबाईंना पुढच्या वर्षी स्पेन-पोर्तुगाल करायचं आहे. त्यांच्या माद्रिद ते लिस्बन टप्प्यासाठी मी पुन्हा तसाच हिशेब मांडला. दोन राजधान्या, पण थेट ट्रेन नाही. मध्ये दोन-तीनदा बदलत अख्खा दिवस जातो. कारने सव्वासहाशे किलोमीटर, आणि दोघांच्यासाठी परदेशात सोडण्याचं शुल्क परवडणारं नाही. विमान सव्वा तासाचं, आणि दोन्ही शहरांचे विमानतळ मेट्रोने गावाशी जोडलेले. त्या ओळीपुढे मी विमान लिहिलं, आणि कंसात: मोठी बॅग तिकिटातच धरून घ्या, व्हीलचेअर ४८ तास आधी सांगा.